उणे पाच

अभिराम कारखानीसला 'नाही' हे उत्तर सहन होत नसे. हॉटेलात वेटर म्हणाला, "साहेब, थालीपीठ संपलं," की या गृहस्थाचं तोंड असं व्हायचं, जणू कोणी त्याच्या घरात शिरून त्याचंच थालीपीठ पळवलंय. असला माणूस दुसऱ्या कुठल्या धंद्यात असता तर थालीपिठावर भागलं असतं. पण तो साताऱ्याच्या 'सुखदा सिस्टिम्स'चा मुख्य होता, आणि सुखदाचं कर्नेल निम्म्या महाराष्ट्राच्या आजाऱ्यांच्या अंगाला चिकटलेल्या यंत्रांत चालत होतं.

ऋषिपंचमीच्या दुपारी सुखदाच्या सभागृहात सोहळा होता. मागच्या पडद्यावर भलंमोठं शून्य झळकत होतं. वर्षभरात आपल्या कर्नेलनं एकदाही एरर दिली नाही, म्हणून हा आनंदीआनंद. आदल्या दिवशीचे मोदक ताटल्यांतून फिरत होते, आणि कालपर्यंत एकमेकांची उणीदुणी काढणारी मंडळी एकमेकांना मिठ्या मारत होती.

वैजयंती शेवटच्या रांगेत बसली होती. ती अभिरामची बायको, आणि कर्नेलच्या उत्तर-विभागाची प्रमुख. म्हणजे कर्नेलनं कोणाला कधी काय उत्तर द्यायचं, हे बघणं तिचं काम. गेली काही वर्षं ते काम उरलंच नव्हतं. शेजारच्या पोरीनं मोदक पुढे केला तर वैजयंती म्हणाली, "कशाचे गं मोदक? चुका गेल्या नाहीत. चुका सांगणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबलाय आपण." पोरगी कसनुसं हसली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली.

आता हे कर्नेल म्हणजे काय ते सांगायला हवं. कुठल्याही यंत्रातले प्रोग्राम थेट यंत्राला हात लावू शकत नाहीत. मध्ये कर्नेल बसलेलं असतं. इन्सुलिनच्या पंपाचा प्रोग्राम कर्नेलला म्हणतो, "रक्तात साखर किती, जरा बघून सांग." कर्नेल दंडावरच्या चकतीला विचारतं आणि एक आकडा परत देतं. आकडा सरळ असला तर ती साखर. पण आकड्याआधी उणे चिन्ह असलं, तर ते कर्नेलचं 'नाही', आणि कशामुळे नाही तेही त्यातच आलं. उणे पाच म्हणजे यंत्र बोलत नाही. उणे अकरा म्हणजे आत्ता नको, थोड्या वेळानं विचार. उणे तेरा म्हणजे तुला तो अधिकारच नाही. प्रोग्रामनं आधी चिन्ह बघायचं आणि मग पाऊल उचलायचं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली साधी रीत होती ती, आणि तिच्यावर जग बरं चाललं होतं.

अभिरामला ती रीत खुपली. पडद्यावर 'चकती प्रतिसाद देत नाही' असं आलं की माणसं घाबरतात, डॉक्टरकडे धावतात, डॉक्टर कंपनीला फोन करतात, आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. म्हणून त्यानं कर्नेलच्या पोटात 'दिलासा' बसवला. दिलासा म्हणजे शिकणारा एक छोटा प्रोग्राम. तो प्रत्येक माणसाच्या चकतीकडे महिनोन्‌महिने टक लावून बघतो. हा कधी उठतो, कधी जेवतो, जेवल्यावर साखर किती चढते, सगळं पाठ करतो. मग चकती मुकी झाली की उणे पाच देण्याऐवजी ती काय बोलली असती याचा अंदाज बांधतो आणि खरा आकडा म्हणून पुढे सरकवतो. आणि माणसं इतकी ठरावीक जगतात, की अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा! बक्षिसं मिळाली. शाली मिळाल्या. अभिरामला शाली ठेवायला नवं कपाट करावं लागलं.

वैजयंतीनं तेव्हा एकच मागणं केलं होतं. अंदाज असेल तर सोबत अंदाजाची खूण द्या, म्हणजे प्रोग्रामला कळेल. अभिराम म्हणाला होता, "खूण दिली की शंका आली. लोकांना शंका नकोय, वैजू. निश्चिंती हवीय." ज्या अभिरामशी तिनं लग्न केलं होतं तो असा नव्हता. तिच्या कोडमध्ये न तपासलेलं एखादं उत्तर दिसलं तर भरल्या ताटावरून उठून यायचा तो. त्याच्याइतकं बारीक वाचणारा माणूस तिनं पुन्हा पाहिला नाही. ते वाचणं कुठं गेलं, कोण जाणे.

अभिराम व्यासपीठावरून उतरून माइक हातात घेऊन रांगांतून फिरत होता, तेवढ्यात तिचा फोन वाजला. कऱ्हाडहून आईच्या शेजारणीचा, शबाना मुल्लाचा. आई, सुलोचनाबाई, एकटीच राहायची, आणि तिच्या अंगावर सुखदाचाच पंप होता. गेल्या वर्षी जावयानं स्वतः आणून दिलेला.

"ताई, काकू ओट्यापाशी खाली बसल्यात. घामानं नुस्त्या चिंब झाल्यात, हात थरथराय लागल्यात. मला वळखत बी न्हाईत. आई, आई म्हणून हाका मारत्यात."

वैजयंती ताडकन उठली. "काय खाल्लंय तिनं आज?"

"आज ऋषिपंचमी न्हवं का? बैलाच्या कष्टाचं चालत न्हाई म्हणाल्या. चपाती न्हाई, भात न्हाई. वाटीभर ती ऋषीची भाजी तेवढी खाल्ली."

वैजयंतीला आठवलं. गेल्या वर्षी आई आजारी होती, तिनं पंचमी केली नव्हती. दिलासाला पंचमी ठाऊकच नव्हती. दोन चपात्या आणि भात, एवढंच त्याला पाठ. चकती मुकी असेल तर त्यानं आईला अंदाजानं जेवू घातलं, अंदाजानं तिची साखर चढवली, आणि पंपानं त्या न चढलेल्या साखरेवर खरंखुरं इन्सुलिन सोडलं.

"शबाना, तिला गिळता येतंय का?"

"व्हय, येतंय."

"मग साखरेचं पाणी कर. घट्ट. पाज तिला, आत्ताच्या आत्ता."

"अवं ताई, असं कसं? पंपावर एकशे अठ्ठावीस दाखवतंय की! शुगरच्या माणसाला साखर पाजू? उद्या काय झालं तर माझ्यावर यील."

एव्हाना अभिराम बायकोचा चेहरा बघून जवळ आला होता. त्यानं आपल्या मनगटावरच्या घड्याळात सासूबाईंचा आकडा उघडला, हसला आणि फोनकडे वाकून म्हणाला, "एकशे अठ्ठावीस. उत्तम आहे की! शबाना, घाबरू नका. आईंना जरा पडू द्या. उपासाचा थकवा असेल."

"तू थोबाड बंद कर!" वैजयंती ओरडली. माइक चालूच होता. पडद्यावरच्या शून्याखाली बसलेल्या सगळ्या सभागृहानं ते ऐकलं. ती फोनमध्ये म्हणाली, "शबाना, नीट ऐक. ते यंत्र आम्ही बनवलंय, आणि मी सांगते, ते खोटं बोलतंय. पोटावरचा पंप उपट आणि फेक. साखर पाज. काही झालं तर ते माझ्या डोक्यावर, तुझ्या नाही. आईची शपथ घालते तुला."

पलीकडे भांडी आपटल्याचा आवाज आला. पेल्यात चमचा फिरला. शबाना "काकू, घ्या, अजून एक घोट, घ्या," म्हणत राहिली. वैजयंती फोन कानाशी दाबून गाडीकडे पळाली, गाडीला 'कऱ्हाड' म्हणाली आणि सीटवर पुढे सरकून बसली. नागठाण्याच्या पुढे आल्यावर आईचा आवाज आला, चिडका आणि खरखरीत. "अगं भवाने, माझ्या नव्या पातळावर सांडलंस की सगळं!"

वैजयंती तेव्हा पहिल्यांदा रडली.

कऱ्हाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की साखर पाजल्यावरसुद्धा रक्तातली साखर पंचेचाळीस होती. थोडा उशीर झाला असता तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि वैजयंतीनं विचारलं नाही. आईला गाढ झोप लागल्यावर तिनं दंडावरची चकती सोडवून आपल्या टॅबलेटला जोडली, दिलासाला बाजूला सारलं आणि चकतीला सरळ विचारलं. उणे पाच. पुन्हा विचारलं. उणे पाच. चकती कधीच मेली होती.

दुसऱ्या दिवशी अभिराम फुलं घेऊन आला. फुलं आणायला काय जातंय! सासूच्या उशाशी बसून तो गोड आवाजात म्हणाला, "आई, आकडे सगळे नॉर्मल होते. तुमचं पथ्य जरा चुकलं. या वयात पंचमी कशाला करायची?"

"चुकलंच हो, अभिरामराव," सुलोचनाबाई ओशाळून म्हणाल्या. "तुमचं एवढं चांगलं मशीन, आणि मी ही अशी."

जावई म्हणजे त्यांचा देव. त्यानं दिवसाला रात्र म्हटलं तरी त्या दिवा लावायला उठल्या असत्या. वैजयंतीला तिथंच किंचाळावंसं वाटलं. ती त्याला दंडाला धरून बाहेरच्या बाकावर घेऊन गेली.

"आजच्या आज दिलासा बंद कर."

"करता येत नाही."

"येत नाही की करायचं नाही?"

"येत नाही. तुलाही माहितेय." आणि मग अभिरामनं जे सांगितलं त्याचा खरा संताप असा, की ते शंभर टक्के खरं होतं. दिलासा आल्यापासून वरचे प्रोग्राम लिहिणारे लोक उणे चिन्ह विसरून गेले होते. कर्नेल कधी 'नाही' म्हणतच नाही, तर तपासायचं कशाला? पंपाच्या प्रोग्रामनं आकडा ठेवायला जो कप्पा घेतला होता, त्यात उणे चिन्हाला जागाच नव्हती. तशा कप्प्यात उणे पाच टाकलं की ते उणे पाच राहत नाही, चारशे कोटींच्या वरचा अगडबंब आकडा होतो. म्हणजे कर्नेलनं उद्या खरं बोलायला सुरुवात केली, की पंपाला वाटणार, बापरे, केवढी ही साखर! आणि तो नळी रिकामी होईपर्यंत इन्सुलिन ओतणार. शिवाय या धंद्याचा जुना दंडक असा, की वरचे प्रोग्राम ज्या उत्तरावर विसंबलेत ते उत्तर बदलायचं नाही. एखादं उत्तर चुकीचं असलं, तरी त्यावर लोकांनी घरं बांधली की ते काढता येत नाही. हा दंडक उत्तर-विभागात वैजयंतीच सगळ्यांकडून घोकून घ्यायची.

"खोटं काढलं तर माणसं मरतील, वैजू," अभिराम म्हणाला. "ठेवलं तर एखादं."

"त्या एखाद्यात माझी आई होती."

त्यानं घड्याळात पाहिलं आणि मीटिंग आहे म्हणून निघून गेला.

सुलोचनाबाई घरी आल्या. वैजयंती त्यांच्यापाशीच राहिली आणि डोकं धरून बसली. खोटं बोलून चालत नाही, खरं बोलायची सोय उरली नाही. मग राहिलं काय? भाजी निवडताना तिच्या ध्यानात आलं, की तिसरी एक गोष्ट कर्नेलला येते. गप्प बसणं. चकती मुकी असली, की प्रश्नाला उत्तरच द्यायचं नाही, प्रोग्रामला ताटकळत ठेवायचं. चिन्ह विसरलेल्या प्रोग्रामलाही थांबणं येतंच, ते त्याला कोणी शिकवावं लागत नाही. उत्तर येईपर्यंत पंप पुढचं इन्सुलिन सोडणार नाही. आणि कायद्यानं प्रत्येक पंपात एक अडाणी भोंगा बसवावाच लागतो. त्याला कर्नेल कळत नाही, दिलासा कळत नाही. प्रोग्राम बराच वेळ हलला नाही, एवढंच त्याला कळतं, आणि मग तो केकाटतो. माणूस धावत येतो, बोटाला टोचून साखर बघतो. इन्सुलिन थोडा वेळ थांबलं म्हणून कोणी लगेच दगावत नाही. जास्त गेलं तर मात्र दगावतो.

बदल अगदी लहान होता. तिनं तो लिहिला, जुन्या पंपांवर पुन्हापुन्हा चालवून पाहिला आणि खाली आपलं नाव घातलं. पण एका नावावर कर्नेलमध्ये काही जात नाही. 'मी हे ओळ न् ओळ वाचलं आहे' असं म्हणून दुसऱ्या जाणत्यानं आपलं नाव घालावं लागतं. ते दुसरं नाव कोण देणार? विभागातला एकजण म्हणाला, "मॅडम, बदल एकदम झकास आहे, पण माझं प्रमोशन व्हायचंय." दुसऱ्याच्या कंबरेत अचानक उसण भरली. तिसरा म्हणाला, मनानं मी तुमच्याबरोबरच आहे. मनानं! एवढी शिकलेली माणसं, आणि कण्याच्या जागी नुसती शेवई. अधिकार असलेला आणखी एकच माणूस उरला होता, आणि त्याच्याशी तिचं लग्न झालेलं होतं.

तो तीन-चार दिवसांनी आपणहून आला. दुपारची वेळ होती. सासूबाईंसाठी कोरा पंप आणि कोरी चकती, सोनेरी कागदात बांधून. सुलोचनाबाई हरखल्या. त्यांनी पदर सावरला आणि दंड पुढे केला. "द्या बाई लावून. ते नसलं की चुकल्याचुकल्यासारखं होतं."

वैजयंती दारात उभी होती. ती म्हणाली, "अभिराम, तूच लाव. तुझ्या हातानं."

"लावतो की."

त्यानं डबा उघडला. चकती काढली. मागचा कागद सोलला. मग त्याचा हात थांबला. सुरकुतलेला दंड समोर होता, आणि जुन्या चकतीची गोल खूण त्यावर अजून दिसत होती. त्यानं वैजयंतीकडे पाहिलं, पुन्हा दंडाकडे पाहिलं. चकती कागदावर परत ठेवून दिली.

"सध्या राहू दे, आई," तो हळूच म्हणाला. "काही दिवस बोटाला टोचूनच बघत जा."

"का हो? बिघडलंय का?"

"नाही, बिघडलं असं नाही. नवीन आहे. पण नको."

सुलोचनाबाईंनी दंड मागे घेतला. त्या म्हाताऱ्या होत्या, भोळ्या होत्या, पण चार पोरांना वाढवून जावयापर्यंत पोचल्या होत्या. माणूस नजर कधी चुकवतो ते त्यांना कळत होतं. "आमच्या या आळीत घरटी एक मशीन आहे, अभिरामराव. तुमचं बघूनच घेतलं सगळ्यांनी. त्यांना सांगितलंत का, बोटाला टोचा म्हणून?"

"त्यांचे आकडे नॉर्मल आहेत, आई."

"माझेही नॉर्मलच होते की."

अभिराम चकतीचा सोललेला कागद बोटांनी सरळ करू लागला.

"म्हणजे सासूला नको," सुलोचनाबाई म्हणाल्या, "आणि लोकांच्या आयांना चालेल. असं होय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. पण लग्नापासून आजवर त्या जावयाशी अशा बोलल्या नव्हत्या. "वैजू, तुला यांचं नाव कशावर तरी हवं होतं ना? काल फोनवर कोणाला तरी सांगत होतीस. आण ते इकडे."

वैजयंतीनं टॅबलेट आणून त्याच्या मांडीवर ठेवला. अभिराम वाचू लागला. आधी नुसता बघितल्यासारखं केलं. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि खरोखर वाचू लागला. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "इथं चकती मध्येच परत बोलायला लागली तर? प्रोग्राम अडकूनच राहील." वैजयंती वाकली. त्याचं बरोबर होतं. तिनं ओळ सुधारली. त्यानं पुन्हा वाचलं. या माणसाला अजून वाचता येत होतं, आणि इतकी वर्षं त्यानं वाचलं नव्हतं. तिला त्याची कीव आली नाही. नुसता तिटकारा आला, पूर्वीपेक्षा जास्त.

"आई, हे गेलं की माझी खुर्ची जाईल," तो म्हणाला.

"पाट देते बसायला," सुलोचनाबाई म्हणाल्या. "घाला नाव."

त्यानं नाव घातलं. सदसद्विवेकबुद्धी जागी झाली वगैरे म्हणायला मी काही त्याचा भाट नाही. सासू समोर बसली होती आणि उठायला वाट नव्हती, एवढंच. वैजयंतीनं त्याचा विचार बदलायच्या आत बदल पाठवून दिला. पंप दिवसभर घरबसल्या नवं कर्नेल उतरवून घेत असतात. आता वाट बघायची होती.

सुलोचनाबाईंनी चहा टाकला. अभिराम कप हातात धरून म्हणाला, "बघ, काही होणार नाही. चकत्या आमच्या चांगल्या असतात. लाखात एखादी..."

भिंतीपलीकडे, शबानाच्या घरात, भोंगा केकाटला. तिचे सासरे पंप लावत. पाठोपाठ शबानाची हाक आली, "अब्बा! अब्बा, उठा की!"

वैजयंती कप आपटून धावली. ती उंबऱ्याशी पोचते तोवर समोरच्या माडीवर दुसरा वाजला. मग मशिदीच्या बाजूला एक. मग आळीच्या टोकाला दोन एकदम. दारं उघडू लागली, माणसं बाहेर येऊन कुठून आवाज येतोय ते बघू लागली. अभिराम तसाच कप धरून बसला होता. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता की काय, देव जाणे.

"बसलाय काय असे?" सुलोचनाबाईंनी त्याच्या हातातला कप काढून घेतला. "वैजू शबानाकडे गेली. समोरच्या माडीवर म्हातारी एकटी असते, आणि जिना अंधारा आहे. उठा, जा लवकर."